सुकरीचं पान

पैज लागली ती नागभीडच्या स्टेशन चौकातल्या टपरीवर, सकाळच्या दुसऱ्या चहाला. लावणारे दोघे, दोघांचं वय मिळून एकशे एकतीस. एक वामनराव रामटेके, रेल्वेतले रिटायर पॉइंट्समन. दुसरे त्यांचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी नानाजी. नानाजींचा धान चुरून-मळून झाला होता आणि आता होळीपर्यंत लोकांच्या काड्या करण्यापलीकडे त्यांना काही काम नव्हतं.

झालं असं, की वामनरावांच्या वडिलांची, गुणवंतरावांची, शंभरी येत्या रविवारी होती. ते जाऊन अठरा वर्षं झाली, पण शंभरी भरायला माणूस हजर लागतो असं कुठं आहे. वामनरावांची पोरगी संघप्रिया त्यासाठी नागपूरहून आठ दिवसांची सुटी टाकून आली होती आणि ट्रंकेतले जुने फोटो लॅपटॉपवर चढवून घराण्याची एक वही बनवत होती. कागदाची नाही. स्क्रीनवर उघडायची, बोटानं पान उलटायचं, आणि सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर पाठवून द्यायची. वामनरावांनी हे टपरीवर तीन दिवसांत चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी जीभ घसरली. म्हणाले, त्या ट्रंकेत एकही चेहरा असा नाही जो मी ओळखत नाही.

“तू?” नानाजी म्हणाले. “मिथुनच्या लगनात तू विहीन समजून बँडवाल्याच्या बायकोच्या पाया पडला ना गा.”

मिथुन म्हणजे वामनरावांचा मोठा पोरगा, आणि ही गोष्ट टपरीवरच्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही. ठरलं असं: रविवारी अंगणात टीव्हीवर वही लावायची, वामनरावांनी एकेका फोटोतला माणूस सांगायचा. एक जरी चूक झाली तर बाजाराच्या दिवशी याच चौकात लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन शंभर जणांना चहा वाटायचा. चूक झाली नाही तर हेच सगळं नानाजींनी करायचं. पंच म्हणून नानाजींची आई, रुखमाबाई. शहाऐंशी वर्षांची बुढी, मोतीबिंदू काढल्यापासून रस्त्यापलीकडच्या बकरीचे दात मोजते. तिच्या निवाड्यावर दोन्ही घरांत आजवर कोणी उलटून बोललेलं नाही.

वामनराव शीळ घालत घरी गेले. वाटेत त्यांनी नानाजींना कोणत्या रंगाचं लुगडं शोभेल याचाही विचार केला.

*

गुरुवारी दुपारी कांता आली. वामनरावांची एकुलती बहीण, अठ्ठावन्न वर्षांची, कुरखेड्याची अंगणवाडी सेविका. वडसा, ब्रह्मपुरी करत तीन गाड्या बदलून आली होती. पिशव्या सुगंधावहिनीच्या हातात दिल्या, पण एक वस्तू तिनं टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली होती. ती तिनं संघप्रियाच्या पुढ्यात ठेवली आणि टॉवेल उलगडला.

काचेच्या फ्रेममध्ये एक बाई होती. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढी टिकली, नाकात नथ, एक हात खांबावर टेकवलेला, आणि नजर अशी खाली झुकलेली की जशी आत्ताच कोणी तिची तारीफ केली आहे.

“ही तुही आजी,” कांता म्हणाली. “माही माय. पहिलं पान हिचं पायजे.”

वामनराव दारात उभे होते. त्यांचा हात चौकटीवर गेला तो तिथंच राहिला. ट्रंकेतला एकेक चेहरा त्यांनी पाठ केला होता. पण हा फोटो ट्रंकेत नव्हता. तो गेली पन्नास-बावन्न वर्षं कांताकडं होता, आणि ती बाई त्यांची माय नव्हती हे जगात फक्त त्यांनाच माहीत होतं.

खरी माय सुकरी. ती एकोणसत्तर साली तिसऱ्या बाळंतपणानंतरच्या तापात गेली, बाळही राहिलं नाही. तेव्हा वामन आठ वर्षांचा, कांता दीड. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे जत्रेतला फोटोवाला, आणि सुकरीच्या नशिबी तो कधी आलाच नाही. कांता सहा वर्षांची झाली तेव्हा तिला टायफाइड झाला. तापात ती एकच धरून बसली: माय कशी दिसे, सांग. वामनला सांगता येईना. त्याला स्वतःलाच आठवेना. आवाज आठवत होता, हात आठवत होता, चुलीपुढची पाठ आठवत होती, चेहरा पुसून गेला होता. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं काय करावं? त्यानं बाबांची ट्रंक उपसली आणि हा फोटो आणून तिच्या हातात दिला. हे पाय, हे माय.

फोटोतली बाई म्हणजे गुणवंतराव होते.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरच्या चार-पाच वर्षांत गावच्या नाटकमंडळीत ते बाईचं काम करत. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी नाटकं, आणि गुणवंतानं राणी केली तर ब्रह्मपुरीपासून बैलगाड्या येत. पुढं लगीन झालं, आवाज जाड झाला, पोट सुटलं, आणि ते सगळं बंद पडलं. वामन हे ऐकून होता. कांताला कोणी सांगितलं नाही, आणि वामननं तिला बजावलं होतं की हा फोटो कोणाला दाखवू नको, बाबाले वाईट वाटते. एकदा गुणवंतरावांनीच तो तिच्या उशीखाली पाहिला. वामन शेजारी बसलेला. गुणवंतरावांनी फोटो पाहिला, पोरीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. फोटो होता तसा उशीखाली सरकवला आणि बैल सोडायला निघून गेले. त्यानंतर मरेपर्यंत या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत.

लगीन झाल्यावर कांता फोटो कुरखेड्याला घेऊन गेली. तिथं त्याला फ्रेम झाली, हार झाला, दर पौर्णिमेला मेणबत्ती झाली.

आणि आता रुखमाबाई तो पाहणार होती. रुखमाबाईनं सुकरीला पाहिलेलं. गुणवंताचं राणीचं कामही पाहिलेलं.

*

संघप्रियाच्या कामाची एक शिस्त होती. मोबाईलनं फोटो उतरवायचा, डाग पुसायचे, पान सजवायचं. कडेला ती मोहाची पानं, धानाची लोंबी, जुनी रेल्वेची तिकिटं स्कॅन करून लावी. पण फोटोखाली तीन ओळी भरल्याशिवाय पान पुढं सरकत नसे. कोण. कुठला. कोणी सांगितलं. तिसऱ्या ओळीवरून घरात रोज भांडण होई, कारण एकदा नाव लिहिलं की माणूस अडकला. तिच्या एका चुलत काकांनी तर बोललेलं दोनदा परत घेतलं होतं.

आत्यानं तिन्ही ओळी न अडखळता सांगितल्या. माय. नागभीड. वामनदादानं.

गडबड झाली ती मोबाईलमुळं. सगळे फोटो आत गेले की तो आपलेआप एकसारखे चेहरे एका ठिकाणी जमा करतो. संघप्रिया शुक्रवारी सकाळी ते गठ्ठे पाहत होती. आबाजींच्या, म्हणजे गुणवंतरावांच्या, गठ्ठ्यात पस्तीस फोटो होते: आबाजी नांगरावर, आबाजी विहारापुढं, आबाजी म्हातारपणी खाटेवर. आणि त्यांच्या मधोमध नथ घातलेली आजी.

तिला आधी हसू आलं. यंत्राची चूक म्हणून तिनं फोटो बाजूला काढला. मग मोठा करून पाहिला. गळा पाहिला. खांबावरचा पंजा पाहिला, त्याची बोटं पाहिली. खांब कापडावर रंगवलेला होता. मग ती उठून बाबांना शोधायला गेली, ते न्हाणीच्या मागं विनाकारण सरपण रचत होते.

वामनरावांनी फार ताणलं नाही. पोरीला सगळं सांगितलं, खाली पाहून, एकावर एक लाकूड ठेवत. मग म्हणाले, तू हे पानच गाळून टाक. सांग की फोटो खराब निघाला.

“मी खोटं लिहीन काऊन? आत्याले तुमी सांगा,” संघप्रिया म्हणाली.

“ते मरून जाईन पोरी.”

“नाई मरत. ज्यानं सांगितलं त्याचं नाव लिहावं लागते, बाबा. तुमचं हाय.”

तिनं रविवारपर्यंतची मुदत दिली. पान तयार ठेवते, तिन्ही ओळी कोऱ्या ठेवते, तुम्ही सांगाल ते लिहीन. वामनरावांना ही पोरगी एकदम आपल्या आईवर गेल्यासारखी वाटली, आणि आई म्हणजे सुगंधाबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होती हे त्यांना जेवताना कळलं, कारण ताटात भाजी अर्धीच आली.

मग वामनरावांनी दुसरी वाट धरली. शनिवारी ते नसेची, म्हणजे तपकिरीची, डबी घेऊन रुखमाबाईकडं गेले. बुढीला नस ओढायचा शौक, आणि डबी भरलेली होती. पण ओसरीवर नानाजी बसलेले. त्यांनी डबी पाहिली, वामनरावांचं तोंड पाहिलं, आणि त्यांना वाटायचं तेच वाटलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चौकात झालं की वामन पंचाला नस चारायला गेला होता. पैज रद्द कर म्हणून वामनरावांनी हात जोडले तेव्हा नानाजींना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या पैशानं चार जणांना भजी खाऊ घातली.

राहिली कांता. तिला सांगायला वामनराव तीनदा गेले. पहिल्यांदा ती निळ्या साडीला इस्त्री करत होती. रविवारी मायच्या पानापुढं बसायला नवी घेतली म्हणाली. दुसऱ्यांदा ती फ्रेमची काच पुसत होती. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, दादा, तुले काही सांगायचं हाय का, सकाळपासून घिरट्या घालून राह्यला. वामनराव म्हणाले, चहा घेते का.

*

रविवारी अंगणात तीसेक माणूस होता. आधी वंदना झाली, गुणवंतरावांच्या फोटोला हार घातला, मग जेवण, आणि मग मांडवाखाली टेबलावर टीव्ही मांडून लॅपटॉप जोडला. रुखमाबाई सगळ्यात पुढं, प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन. नानाजी तिच्या बाजूला वही-पेन घेऊन, जसे मॅट्रिकच्या पेपराला सुपरवायझर.

वामनरावांनी खरंच कमाल केली. एकामागून एक एक्केचाळीस फोटो. गटारीच्या कामावरचे मजूर नावानिशी सांगितले, शाळेच्या ग्रुप फोटोतला तिसऱ्या रांगेतला डोळे मिटलेला पोरगा सांगितला. रुखमाबाई प्रत्येक नावाला मान हलवी. नानाजींचा रंग उतरत चालला. मागून कोणी तरी त्यांना विचारलं की लुगडं घरचं आहे की आणायचं.

मग बेचाळिसावं पान उघडलं. कांताला ते पहिलं हवं होतं, पण ओळी कोऱ्या म्हणून संघप्रियानं ते मागं ठेवलं होतं. धानाच्या लोंब्यांची चौकट, मधात नथीची बाई, खाली तीन कोऱ्या ओळी.

कांता पदर सावरून पुढं सरकली. वामनरावांनी टीव्हीकडं पाहिलंच नाही, तिच्याकडं पाहिलं. बाबा म्हटलं असतं तर पैज जिंकली होती, नानाजी लुगड्यात होते. फक्त दोन अक्षरं. संघप्रियाची बोटं कीबोर्डवर थांबलेली.

“हे आमची माय,” वामनराव म्हणाले.

रुखमाबाईनं मान हलवली नाही. ती खुर्चीतून अर्धी उठली, डोळे बारीक केले, आणि तिच्या चेहऱ्यावर तरणेपणीचं काहीतरी आलं.

“हट,” ती म्हणाली. “हा गुणवंता होय. राणीचं काम करे तवाचा. सुकरीचा फोटो कुठी होता बाप्पा, कधी काढलाच नाई तं.”

नानाजींनी दोन्ही हात वर केले. मग त्यांनी कांताकडं पाहिलं आणि हात खाली घेतले. नानाजी काड्या करतात, पण आंधळे नाहीत.

कांतानं फोटोतला खांबावरचा हात पाहिला. मग भावाकडं वळली. आवाज अगदी साधा होता, जसा अंगणवाडीत हजेरी घेताना असतो.

“दादा, बाबानं मले दहावीनंतर शाळेतून काढलं. तवा रोज रात्री मी या फोटोपुढं बसून बाबाच्या चुगल्या सांगत होती. लगन ठरवलं तवाही सांगितल्या. बावन्न वर्स. मी बाबाच्या चुगल्या बाबालेच सांगत होती का गा?”

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. कांता उठून आत गेली.

*

आत तिनं पिशवी भरायला घेतली. सुगंधाबाई तिच्या बाजूनं होती, म्हणजे साड्या घडी करून देत होती आणि नवऱ्याला नावं ठेवत होती. वामनराव दाराबाहेर उभे, आत यायची परवानगी नाही. जे काही होतं ते त्यांनी दाराबाहेरूनच सांगितलं: टायफाइड, ट्रंक, बाबांनी उशीखाली सरकवलेला फोटो. बाबांचं ऐकून कांताचे हात थांबले.

मग रुखमाबाई काठी टेकत आली. आपण काय केलं हे तिला उशिरा समजलं होतं. ती सरळ पलंगावर बसली आणि म्हणाली, विचार, मायचं काय विचारायचं ते.

संघप्रियानं हळूच मोबाईल मधात ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

रुखमाबाईनं पाऊण तास सांगितलं. सुकरी रोवणीत सगळ्यात पुढं असे, चिखलात तिची लाईन सुतानं आखल्यासारखी. बोले कमी. भावजयीशी भांडली तर तीन दिवस जेवत नसे, आणि चौथ्या दिवशी दुपटीनं जेवे. गुणवंता नाटकातून आला की त्याच्या तोंडाचा रंग ती खोबरेल तेलानं पुसे आणि म्हणे, माह्यापेक्षा तुमी सुंदर दिसता, मले लाज वाटते. कांताला ती उजव्या कडेवर घेई, कारण डावा खांदा दुखे.

“आन दिसे कशी?” कांतानं विचारलं.

रंग गव्हाळ, बुढी म्हणाली. उंची मध्यम. मग हात हवेत फिरवला, जशी काही पकडायला पाहते, आणि खाली टाकला. “चेहरा सांगता येत नाई वो पोरी. दिसला तं ओळखीन.”

त्या संध्याकाळी संघप्रियानं सुकरीचं नवं पान केलं. त्यावर रुखमाबाईचा आवाज लावला, दाबलं की ऐकू येईल असा. मधात फोटोची चौकट ठेवली, रिकामी. नथीची राणी आबाजींच्या पानावर गेली, पस्तीस फोटोंच्या मधोमध. कांतानं दोन्ही पानं पाहिली, रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि पिशवी परत उघडली. बाजार मंगळवारी होता, आणि तिला तो पाहायचा होता.

तिची एक अट होती, ती तिनं जेवताना सगळ्यांसमोर सांगितली. वामनरावांनी मिशा काढायच्या.

वामनरावांचा घास हातात राहिला. मिशा त्यांनी एकोणिसाव्या वर्षी, रेल्वेत लागल्यावर ठेवल्या होत्या. बायकोनंही त्यांना बिगर मिशांचं पाहिलेलं नव्हतं. पैजेत मिशा नव्हत्या, ते म्हणाले. प्रकरण भिंतीवरून पंचाकडं गेलं. रुखमाबाईनं पलीकडून निवाडा दिला की लुगडं नेसून मिशा कोणत्या बाईला असतात, काढ. संघप्रियाला वडिलांची दया आली, पण तीही आत्याकडं झुकली. घरात वामनरावांच्या बाजूनं एकटे नानाजी राहिले, ते म्हणत होते की हे थोडं जास्त होते गा.

*

मंगळवारी सकाळी न्हाव्यानं पाच मिनिटांत पंचेचाळीस वर्षं उतरवली. लुगडं सुगंधाबाईचं, हिरवं, रोवणीतलं. नेसवलं कांतानं. निऱ्या इतक्या आवळून खोचल्या की वामनरावांचा श्वास अडकला, आणि ती अडकू देत होती. डोक्यावर पदर घेतला, कपाळाला टिकली लावली, आणि एकदाही त्यांच्या डोळ्यांकडं न पाहता म्हणाली, चाल.

चौकात बाजारापेक्षा गर्दी जास्त. मुरमुऱ्याच्या दुकानावर पोरं चढलेली, नागपूर गाडीतून उतरलेले लोक पिशव्या खाली ठेवून थांबलेले. टपरीवाल्यानं चहाचा मोठा गंज चुलीवर चढवला होता. वामनराव ट्रे घेऊन निघाले. लाजत नव्हते, हरलं की हरलं, असा एक ताठा होता. कोणी शिटी मारली तर थांबून चहा देत, साखर बरोबर हाय का विचारत. कोणी म्हणालं, वहिनी, माहेर कुठचं, तर म्हणाले, इथलंच, आन तुह्या बापाले ओळखते. लोक पोट धरून हसले. नानाजी मोठ्यानं मोजत होते. एकतीस. बत्तीस.

रुखमाबाईला नानाजींच्या गाडीवरून आणून टपरीच्या सावलीत खुर्चीवर बसवलं होतं. सदतिसावा चहा तिचा. वामनराव वाकले, ट्रे पुढं केला.

तिनं कप घेतला नाही. हात तसाच अर्धवट वर राहिला.

“सुकरे,” ती म्हणाली.

“काकी, मी वामन.”

“चूप राय.” तिनं काठीनं कांताला खुणावलं. “इकडे ये वो. जल्दी ये. हे पाय. अशी दिसे. हाच ओठ, हेच तोंड. याच्या मिशीखाली दडून बसली होती बाप्पा इतकी वर्स.”

नानाजींची मोजणी सदतीसवर थांबली. हसणाऱ्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी वाट करून दिली. कांता गर्दीतून आली. भावासमोर उभी राहिली. पदर त्याच्या कपाळावर जरा मागं सरकला होता, तो तिनं दोन बोटांनी पुढं ओढला, आणि पाहू लागली. संघप्रियानं मोबाईल वर केला होता, पण बटण दाबायची घाई तिला झाली नाही.

वामनरावांचे हात भरून आले होते.

“चहा थंडा होऊन राह्यला कांते,” ते म्हणाले.

“होऊ दे,” कांता म्हणाली. “हालू नको, दादा.”